कूलरसमोरचा ड्रम

रसमडा गावातल्या कारखान्यात हर्षा बोपचे झेरॉक्स मशीनच्या ड्रमवर चढवायचा प्रकाशसंवेदी लेप तयार करते. तिचा तिसरा लेपही उतई गावातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात फसला; प्रतींवरची अक्षरे फुगून एकमेकांत मिसळत होती. आणखी एक तक्रार आली तर लेप बाहेरून मागवू, असे मालकाने बजावले होते.

कारखान्यातल्या चाचण्यांत लेप भट्टीत टिकला होता, दमट कपाटातही टिकला होता. वैतागून ती मेच्या भर दुपारी दुकानात गेली. दुकानदार भागीरथाकाकूंनी पाण्याचा कूलर थेट मशीनवर सोडला होता.

"काकू, हे कावून?"

"तापलं का बंद पडते. सासूले नाही देला मी एवढा कूलर."

"ओल जाते ना आत. तिकडे फिरवा."

"तू ड्रम बदल, बाई. कूलर नाही फिरत."

गरम लेपात ओल शिरली की त्यावरचा विजेचा भार पसरतो आणि अक्षरे फुगतात, हे हर्षाला पाठ होते. तरी उष्णता आणि दमटपणा तिने एकत्र कधी तपासलेच नव्हते.

तिने मालकाला फोन लावला. "चौथा लेप करते. चाचणीच्या खोलीतला एसी बंद करा आणि एक कूलर पाठवा."

"आठ दिवस," मालक म्हणाला. "नववा नाही."