आखाजीची घागर

१९९६ सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुरतेकडच्या कडोदऱ्याजवळच्या आमच्या वस्तीत पहिल्यांदा घागर भरली गेली. ती भरणारी बाई आमच्या शेजारच्या खोलीत राहत होती. आम्ही तिला काकू म्हणत असू. तिचा नवरा, आमचा काका, आदल्या हिवाळ्यात वारला होता.

वस्ती म्हणजे मूळचे एक लहान गाव आणि त्याला चिकटलेल्या खोल्या. गावात पटेलांची एक गल्ली, कालव्याच्या बाजूला शेतमजूर हळपतींची घरे आणि चहूकडे ऊस. रस्त्याकडच्या काही शेतांत ऊस निघून पत्र्याचे कारखाने उभे राहिले, त्यांत यंत्रमाग बसले आणि मागांच्या मागोमाग आम्ही आलो. बहुतेक जण नंदुरबार, शिरपूर, अमळनेरकडचे. थोडे मराठवाड्याचे होते, ते बांधकामावर जात. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, दुकानात गुजराती.

गावात माणसे किती, हे कुणालाच नीट सांगता येत नसे. एका खोलीत दिवसपाळीचे आणि रातपाळीचे अशी दोन बिऱ्हाडांइतकी माणसे राहत. एक उठला की त्याच गोधडीवर दुसरा झोपे. पटेलांच्या गल्लीतले लोक आम्हाला मोजत नसत आणि आम्हीही स्वतःला तिथले समजत नव्हतो. बाळंतपणाला बाया माहेरी जात. लग्ने गावी लागत. माणूस फार आजारी झाला की त्याला भुसावळकडच्या गाडीत बसवून देत. त्यामुळे एवढ्या माणसांच्या वस्तीत आमच्यापैकी कुणी जन्मले नव्हते आणि कुणी मेलेही नव्हते.

काका मेला तो पाळीवर. माग बंद करून खाली बसला आणि उठला नाही. त्याचा धाकटा भाऊ गावाहून निघाला, पण तो पोहोचेपर्यंत थांबता येईना. पटेलांच्या गल्लीतल्या लोकांनी लाकडे दिली आणि कालव्यापलीकडच्या त्यांच्या स्मशानात काकाला अग्नी दिला. पुढचे दिवसकार्य गावी झाले. ते आटोपून काकू मुलीला घेऊन परत आली, कारण मुलीची चौथीची परीक्षा होती आणि काकूला कारखान्यात बॉबिन भरण्याचे काम मिळाले होते.

दिराला हे पसंत नव्हते. तो वाईट माणूस नव्हता. त्याची थोडी शेती होती, घर होते. भावाची बायको परमुलखात एकटी राहते आणि हा बघत बसतो, असे लोक बोलत असत. आखाजीला वहिनी आणि पुतणीला कायमचे घेऊन जायचे, असे त्याने ठरवले होते. खोलीच्या मालकालाही त्याने तसे कळवले होते.

आखाजीला तो येणार हे काकूला माहीत होते. तिला जाणे भाग होते, कारण वर्षभरात गेलेल्या माणसाची घागर भरावी लागते. पाण्याने भरलेली मातीची घागर, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या आणि आंबा ठेवायचा. मग गोवरीच्या निखाऱ्यावर तुपाचा आणि जेवणाचा घास टाकायचा. त्याला आगारी म्हणतात. ती मुलाने टाकावी, मुलगा नसेल तर भाऊबंदाने. काकूला मुलगा नव्हता. घागरीसाठी एकदा गावी गेले की परतीची गाडी मिळणार नाही, हे तिने माझ्या आईला सांगितले होते.

दर वर्षी आखाजीच्या आधी वस्ती रिकामी होई. माग बंद पडत, खोल्यांना कुलपे लागत. त्या वर्षी माझी कॉलेजची परीक्षा होती म्हणून आई आणि मी थांबलो होतो. दूध घालणाऱ्या पटेलांच्या म्हातारीने आईला विचारले की तुम्हाला तुमच्या गावाने हाकलून दिले की काय. म्हशीला तुमचे सण कळत नाहीत, दूध घेणारे कुणीतरी राहिले हे बरे झाले, असेही ती म्हणाली. काकूने तिच्याकडून गोवऱ्या मागून घेतल्या. कुंभाराकडून घागर आणली आणि कडोदऱ्याच्या बाजारातून डांगर आणले. तिथे त्याला शक्करटेटी म्हणतात.

दीर आदल्या संध्याकाळी आला. बाजेवर बसल्याबसल्या म्हणाला, “वहिनी, सामान बांधी ल्या. सकायनी गाडी शे.” काकूने त्याला चहा दिला. आईने गावच्या पावसापाण्याची चौकशी केली. तो म्हणाला, घरातली नवी कोठी वहिनीसाठीच रिकामी ठेवली आहे. पुतणीने शाळेचे विचारले, तेव्हा तिथेही शाळा आहे असे त्याने सांगितले. तो बाहेर ओट्यावर झोपला.

तो उठला तेव्हा ऊन ओट्यावर आले होते. काकूच्या खोलीत भिंतीपाशी गव्हावर घागर मांडलेली होती. तिला सुताचे वेढे दिलेले होते. ती काठोकाठ भरलेली होती आणि तिच्यावर डांगर ठेवलेले होते. सांजोऱ्या आई आमच्या चुलीवर तळत होती. सामान बांधलेले नव्हते.

दीर दारातच थांबला. पितराच्या नावाने भरलेली घागर पूजा झाल्याशिवाय कुणी हलवत नाही की रिती करत नाही. हे त्याला माहीत होते.

“हाई काय करं, वहिनी?” तो म्हणाला. “घागर गावमा भरनी व्हती.”

“जठे त्यास्नं आंग जयनं, तठेच पानी दिधं,” काकू म्हणाली. जिथे त्यांचा देह जळला तिथेच पाणी दिले, एवढाच त्याचा अर्थ. गोवरी पेटवता पेटवता तिने पुढे विचारले, “आते आगारी तुम्ही टाकतस का मी पोरले सांगू?”

चुलता समोर असताना मुलीच्या हातून आगारी पडली तर गावी काय बोलले जाईल, हे तिघांनाही कळत होते. तिघे म्हणजे दीर, काकू आणि माझी आई.  सकाळची गाडी निघून गेली असेल, असे दीर म्हणाला. मग त्याने हातपाय धुतले, टोपी घातली आणि निखाऱ्यांपुढे बसला. भावाचे नाव घेऊन त्याने घास टाकला. मुलीने घागरीला नमस्कार केला.

जेवण आमच्याकडे झाले. दिराने चार सांजोऱ्या खाल्ल्या. गूळ कमी पडलाय, असे आईला ऐकवले. आई म्हणाली, सुरतेचा गूळ असाच, पुढच्या वर्षी तुम्ही घेऊन या.  निघताना तो खोलीच्या मालकाकडे जाऊन, खोली रिकामी होणार नाही, असे सांगून आला.

संध्याकाळच्या गाडीने तो एकटा गेला. काही दिवसांनी माग सुरू झाले, तेव्हा काकू बॉबिनच्या यंत्रावर होती. जूनमध्ये तिची मुलगी पाचवीत बसली.