पोळ्याला गाडीची पाठ ओवाळणारं गाव

देवगाव फाट्यावर एसटीतून उतरले आणि पहिल्याच मिनिटाला बोलणी खाल्ली. ठाण्याहून निघून अंग नुसतं आंबून गेलं होतं. कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं, म्हणून उभ्या बसच्या पुढूनच रस्ता ओलांडायला निघाले. तेवढ्यात मागून कुणीतरी माझा पदर खेचला.

"ए बाई, जीवावर उदार झालीस का? एसटी जाऊ दे आधी. मग दोन्हीकडं बघ, अन् मग चाल!"

वळून बघते तर काठी टेकत उभी असलेली काशीबाई, आमच्याच गावची, ऐंशीच्या घरातली. तिनंही मला ओळखलं.

"अगं, सुमन तू? इतकी वर्षं ठाण्यात ऱ्हातीस अन् तुला सडक पार करता येईना?"

मी ओशाळून हसले. "तुला कुणी शिकवलं ग हे?"

"आमी शाळेत जातो," काशीबाई ऐटीत म्हणाली. "सडकेच्या शाळेत."

गावाकडच्या ॲपेत शेजारी बसून तिनं मला सगळं सांगितलं. एसटीतून निवृत्त झालेले चालक गौतमराव दर शनिवारी संध्याकाळी ही शाळा भरवतात, एक शनिवार मारुतीच्या पारावर, दुसरा विहारात. लेकरं, सुना, म्हातारे, सगळे एकाच सतरंजीवर. उद्या पोळा, म्हणून ह्या आठवड्याची शाळा आजच होती. दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांनी लगडलं होतं, पण माझं लक्ष काशीबाईच्या बोलण्यावरून हटत नव्हतं.

कारण मी नुसती पोळ्याला आले नव्हते. माझा थोरला भाऊ बाबाराव, आमचा दादा, सत्तरीचा आहे. त्याचं शेत हमरस्त्याच्या कडेला. दिवस मावळता मावळता तो दीड-दोन किलोमीटर त्याच रस्त्यानं बैलगाडी हाकत घरी येतो. गेल्या दिवाळीच्या सुमारास एका जीपनं मागून गाडीला धडक दिली. दादाचं गळ्याजवळचं हाड मोडलं आणि पाखऱ्या बैल जागीच गेला. जीपवाला रडत एकच सांगत होता, "दिसलंच न्हाई ओ मला." त्यानंतरच गौतमरावांनी ही शाळा काढली. अख्खा गाव जातो, फक्त दादा जात नाही. त्याची सून मीरा फोनवर रडकुंडीला आली होती. "आत्याबाई, मामा कुणाचं ऐकत न्हाईत. तुमीच या."

घरी पोचले तर दादा अंगणात बैलांच्या मानेला हळद-लोणी चोळत होता. ही आमच्याकडची खांदेमळण (पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळण्याची रीत). चोळता चोळता तो बैलांना म्हणत होता, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."

"आलीस का सुमे? ये, ये. मीराच्या सांगण्यावरून आलीस, ठावं हाय मला. आधी हे बघ." त्यानं माझा हात धरून मला बैलांपुढं नेलं. शिंगांना दरवर्षी चमकीची बेगड असते, तिथं यंदा रेडियमच्या पट्ट्या! कपाळावर रेडियम, जुवावर रेडियम. "वालूरच्या बाजारातून आणलं. आता सांग, दिसत न्हाई म्हनंल का कुणी? शाळा कशाला पायजे मला?"

खरं सांगते, मलाही ते झकास वाटलं. मीच म्हणाले, "वा रे दादा! पण मग शाळेत जाऊन दाखव की सगळ्यांना." ही मात्रा बरोबर लागू पडली. मिरवायची हौस त्याला पहिल्यापासून.

गाडी घेऊन पारावर गेलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गौतमराव बारीक अंगाचे आणि बोलायला मऊ. त्यांची शिकवायची तऱ्हाच न्यारी होती. ज्याची गाडी असेल त्यानं ती दुसऱ्याच्या हाती द्यायची, आणि आपण गौतमरावांच्या मोटारसायकलवर मागं बसून तिच्याकडं यायचं.

"बाबाराव, शिंगं लय देखणी झाली," गौतमराव म्हणाले. "आता कासरा मीराकडं द्या अन् बसा मागं."

मीरानं शेताकडच्या कच्च्या वाटेवर गाडी नेऊन उभी केली. इकडं तिच्या मागं दोनशे पावलांवरून मोटारसायकल निघाली. आम्ही सगळे कडेला उभे. अंधारून आलं होतं. दिव्याचा उजेड वाटेवर पडला आणि मोटारसायकल बैलगाडीच्या जवळ जात राहिली. दादा गौतमरावांच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"कुठंय रं गाडी?" त्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. "मीरा कुठं गेली?"

गौतमरावांनी ब्रेक दाबला. धुळीनं माखलेल्या मातकट फळ्या अगदी पुढ्यात आल्या, तेव्हा कुठं त्या दादाला दिसल्या. पलीकडून मीराचा आवाज आला, "मामा, इथंच हाय मी."

दादा उतरला आणि फळीला हात लावून बघू लागला. काशीबाई काठी आपटत पुढं झाली. "बाबाराव, तोंड सजवलंस रं, पाठ उघडीच ठिवलीस. मागून येनाऱ्याला बैलाचं तोंड दिसतंय व्हय?"

"पाखऱ्या गेला तवा जीपवाल्याला मी लय शिव्या दिल्या," दादा म्हणाला. "त्याला खरंच दिसलं नसंल." सत्तर वर्षांचा माझा अडेल भाऊ मग त्या सतरंजीवर लेकरांच्या मधोमध जाऊन बसला.

पोळ्याच्या सकाळी पुरण शिजत असताना त्यानं गाडी धुतली आणि मागच्या फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल रेडियम लावलं. पुरणपोळी आणि येसरची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी चापून जेवलो. संध्याकाळी तोरणाखालून पहिली जोडी आमच्याच घरची गेली. बैल दारात आले, मीरा आरतीचं ताट घेऊन पुढं झाली, तर दादा म्हणाला, "बैलांचं झालं की गाडीलाबी ओवाळ. मागून." काशीबाईनं ते पाहिलं आणि गल्लीभर सांगत सुटली. घटकाभरात दारोदारी बाया ताटं घेऊन गाड्यांच्या मागं उभ्या! असा पोळा मी जन्मात पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी दिवस बुडताना मी फाट्यावर परतीची एसटी धरली. चालकाच्या मागचंच आसन मिळालं. गाडी आमच्या शेताच्या अंगानं निघाली आणि मी जीव मुठीत धरून समोर बघत बसले. दादा ह्याच वेळी शेतातून निघतो आणि ह्याच रस्त्यानं पुढं जाऊन गावाकडं वळतो.

खूप लांबवर एक लाल रेघ पेटल्यासारखी उठली.

"दिसली, दिसली," चालक स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं वेग कमी केला. मग वाहकाला म्हणाला, "ह्या गावच्या गाड्या लांबूनच वळखू येतात बघ." ऐसपैस जागा सोडून त्यानं एसटी बाजूनं काढली. खिडकीतून दादाचा फेटा दिसला. तो आपल्याच नादात गाडी हाकत होता.

मला राहवलं नाही. अख्ख्या एसटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "माझं गाव हाय ते! अन् गाडीवर बसलाय तो माझा भाऊ हाय!"