आठव्या मजल्याचं कुलूप

आमची घाटकोपरची चाळ पाडून टॉवर झाला आणि बाबा आणि मी दहाव्या मजल्यावर राहायला गेलो. तेव्हापासून मला एकच कोडं पडलं होतं: आठव्या मजल्याचा अर्धा भाग रिकामा का? ज्या बिल्डरने आमच्या मोरीत धड बादली मावेल एवढी जागा ठेवली नाही, तो एवढा मजला फुकट सोडेल? छे!

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी आर्किटेक्टना धरलंच. ते म्हणाले, "तो रेफ्यूज एरिया. उंच इमारतीत कायद्यानेच सोडावा लागतो, विकता येत नाही. आग लागली की ज्यांना खालपर्यंत जिना उतरवत नाही, त्यांनी तिथे येऊन थांबायचं. एक बाजू उघडी असते, म्हणून धूर कोंडत नाही आणि अग्निशमन दलाची शिडी तिथे पोचते."

मला हे भारीच आवडलं. बाबांचे गुडघे पार गेलेले. दोन मजले उतरायचे तरी पायरीपायरीला देवाचं नाव. आणि कुठल्याशा कार्यालयात बसून नियम लिहिणाऱ्याने त्यांना कधी न बघताच त्यांची सोय करून ठेवली होती! मी उगाचच मधूनमधून ती जागा बघून यायचे.

पण आम्ही पडलो चाळीतली माणसं. मोकळी जागा दिसली की आमचे हात शिवशिवतात. हळूहळू तिथे पापड वाळू लागले, मग कोणाकोणाच्या जुन्या खाटा आल्या, संध्याकाळी कॅरम रंगू लागला. त्यावरून भांडणं झाली. शेवटी सेक्रेटरींनी सगळं सामान हलवायला लावलं आणि दाराला कुलूप ठोकलं.

"अहो, ती जागा आगीसाठी आहे," मी म्हटलं.

"मग आग लागली की उघडू ना!"

पुढे अग्निशमन दलाने आमच्याकडे सराव ठेवला. घंटा वाजली. लिफ्ट वापरायची नव्हती. बाबांना धरून मी कसंबसं आठव्यापर्यंत आणलं. दाराला कुलूप. बाबा घामाघूम होऊन पायरीवरच बसले. मी सेक्रेटरींना फोन लावला. ते केव्हाच खाली गेटपाशी जाऊन उभे होते.

"चावी ना? टेन्शन नको, माझ्या खिशात एकदम सेफ आहे!"

माझं डोकंच फिरलं. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांनी ते बोलणं ऐकलं असावं. ते सेक्रेटरींना घेऊन जिन्याने वर आले, कुलूप काढायला लावलं आणि पुन्हा दिसलं तर नोटीस येईल असं बजावून गेले.

बाबा आत जाऊन वाऱ्याला बसले. दम खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चेडवा, आग खोटी हा, ह्या तुका म्हायत होता ना?"

"हो, बाबा."

"मगे इतक्या जोरान दार कित्याक बडवत होतंस?"