चिमणीतला धूर

अगरबत्ती पेटवली की माझे डोळे आधी चुरचुरतात आणि मग नववीतलं विज्ञान प्रदर्शन आठवतं. अंधेरीच्या आमच्या शाळेत चौघींच्या गटाने ‘हवेचं प्रदूषण, साऱ्या जगाचा प्रश्न’ म्हणून थर्माकोलचा कारखाना केला होता. थर्माकोल माझ्याच घरच्या गणपतीच्या मखराचं. “तुझा आवाज बारीक आहे ना, तू खाली बस गं,” असं ठरलं, आणि चादर टाकलेल्या दोन बाकांखाली बसून मी फटीतून वर गेलेल्या पुठ्ठ्याच्या चिमणीत अगरबत्त्यांचा धूर फुंकत राहिले. वर तिघी धडाधड माहिती सांगत होत्या. दुपारी चादरीच्या कडेखाली तारेने बांधलेली चप्पल दिसली. आई साकीनाक्याच्या वर्कशॉपमधून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. “माझी मुलगी पण आहे ना गं यात?” तिने विचारलं. “आहे ना काकू, इथेच कुठेतरी असेल,” एकजण घाईत म्हणाली, कारण परीक्षक शेजारच्या टेबलापाशी पोचले होते आणि धूर थांबून चालणार नव्हतं. मी हात पुढे केला असता तर तिच्या अंगठ्याला लागला असता. मी फुंकर घातली. आई खोकली, जराशी थांबली आणि चप्पल निघून गेली. आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं. घरी तिने विचारलं, “खंय होतंस गो?” मी म्हटलं, पाणी प्यायला गेले होते. आता तिच्या फोटोपुढे अगरबत्ती लावताना मी रोज खरं उत्तर देते: तुझ्या पायाशीच होते.