एकदाच मारलेली हाक

"यमुना," मी तिच्या बंद दारासमोरून हाक मारली. कुणी ओ दिली नाही. मी पुढच्या दाराकडे वळले. तिथंही तेच.

सूर्यमाळच्या बाजूचा पाडा, मे महिना, भर दुपार. रस्ता संपतो तिथं जीप ठेवून आम्ही दोघी चढून आलो होतो. मी नर्स. सोबतची सुनंदा हेडमास्तरीण आणि आमच्या मंडळाची अध्यक्ष. मंडळातल्या आम्ही सगळ्या इथल्याच पाड्यांवरच्या, आपापल्या घरातल्या पहिल्या नोकरदार बाया. महिन्यातला एक रविवार आपल्या माणसांना द्यायचा, एवढाच नियम. हे शाली-नारळांचं मंडळ नव्हे, असं सुनंदा उठता-बसता ऐकवते.

त्या रविवारी काम एकच होतं. यमुनाला आठवा महिना होता आणि मागच्या तपासणीत बीपी वाढलेलं होतं. अशा बाईला आम्ही हाय रिस्क म्हणतो. वेळेत दवाखान्यात नेली नाही तर झटके येतात, आणि मग आई नि बाळ दोघंही हातची जाऊ शकतात. त्यानंतर ती तपासणीला आलीच नव्हती.

पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. एका ओट्यावर सुपात नागली तशीच पडली होती. वारा पडलेला, तरी आढ्याला बांधलेली एक रिकामी झोळी हलत होती. मला ते अजिबात आवडलं नाही.

"वीटभट्टीवर गेली असतील सगळी," सुनंदा म्हणाली. "लिही स्थलांतरित आणि चल. नाहीतर या उन्हात माझंच बीपी वाढेल."

स्थलांतरित लिहिलं की ती बाई आमच्या यादीतून जाते. मग तिच्यामागे कुणी येत नाही. मी लिहिलं, खाली सही केली, आणि आम्ही उतरायला लागलो.

मागून हाक आली. "बुधी."

मी बुधवारची, म्हणून बुधी. आश्रमशाळेत गुरुजींनी सुरेखा लिहिलं आणि तेच राहिलं. मला बुधी म्हणणारं शेवटचं माणूस माझी आई. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

मी थांबले, पण वळले नाही. ओही दिली नाही. आई बजावायची, माणूस पुन्हा पुन्हा हाक मारतो, भूत एकदाच मारतं. दुसरी हाक येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. आरोग्य सभांमधून असल्या गोष्टींना हसणारी मी, श्वास धरून दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभी राहिले. ती आली नाही.

"सुनंदा, तू हाक मारलीस?"

"मी तर तुझ्यापुढं चाललेय. काय झालं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. तपासणी कॅम्पमध्ये नाव एकदाच पुकारायच्या सवयीनं मीही दर दाराशी एकच हाक मारली होती. तीही भर दुपारी, आवाज परका.

मी धावत वर, यमुनाच्या दाराशी गेले. "यमुना." काही नाही. "यमुना." आत काहीतरी हललं. "यमुना, मी नर्सबाई."

"ओ," आतून बारीक आवाज आला.

ती गोधडीवर पडली होती. पाय सुजलेले, डोकं धरलेलं, डोळ्यांपुढं अंधारी. वरचं बीपी एकशे सत्तर.

"मघाशी ऐकलं नाहीस का गं?"

"ऐकला ना. पन एकच हाक आली, बाय. पोटुशी बाईनं एका हाकेला ओ द्यायची नाय, सासू सांगून गेली."

पुरुष मजुरीवर होते, सासू आणि बाकीच्या बाया पोराबाळांसह लांबच्या झऱ्यावर पाण्याला गेल्या होत्या. त्या परतल्या तशा हंडे उतरवून त्यांनी डोली बांधली आणि यमुनाला जीपपर्यंत आणलं. दुसऱ्या दिवशी सिझेरियन झालं. मुलगी बारीक होती, पण रडली. दोघी वाचल्या. रजिस्टरातला स्थलांतरित हा शब्द मी खोडला, सुनंदाच्या समोर.

मंडळाच्या सूचनांच्या कागदावर आता पहिली ओळ अशी आहे: दाराशी तीनदा हाक मारावी, मगच रजिस्टर उघडावं. नवीन मुली हसतात. मी कारण सांगते, तेही यमुनापुरतंच.

त्या पाड्यावर मी अजूनही जाते. उतरताना त्या वळणावर थोडी थांबते. दुसरी हाक आलेली नाही.