कोनी बदललं?

कालच्या जागी आज काय नाही, हे आमच्या ऑफिसातल्या काकांइतकं अख्ख्या नवी मुंबईत दुसऱ्या कोणाला कळत असेल असं मला वाटत नाही. काका म्हणजे माझ्या नात्यातले कोणी नव्हेत. बेलापूरला रक्त-लघवी तपासणाऱ्या एका लॅबच्या कॉम्प्युटर विभागात मी लागले तेव्हा ते तिथले सगळ्यात जुने गृहस्थ होते आणि शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. जुईनगरजवळच्या मूळ गावातले. जाडजूड इंग्रजी मॅन्युअल घडाघडा वाचत, पण बोलताना 'आहे'चं 'हाय' आणि 'कोणी'चं 'कोनी' होई. जगात तेवढी एकच गोष्ट बदलली नाही याबद्दल त्यांना समाधान असावं.

त्यांनी सर्व्हरवर एक प्रोग्रॅम बसवला होता. तो रोज पहाटे प्रत्येक महत्त्वाच्या फाईलचा अंगठ्याच्या ठशासारखा ठसा घेई, कालच्या ठशाशी ताडून पाही आणि कुठे एक स्वल्पविराम हलला असला तरी यादीत लिहून टाकी. असले प्रोग्रॅम पुष्कळ ठिकाणी असतात, त्यांच्या याद्या सहसा कोणी उघडत नाही. काका ती यादी छापून घेत आणि चहा संपला की लाल पेन घेऊन टेबलाटेबलावर फिरत. "या फाईलीत काल एकसष्ट अक्षरं होती, आज बासष्ट हायत. कोनी बदललं?" एकदा कोणीतरी वैतागून म्हणालं, काका, नुसती एक स्पेस पडलीय हो! काका म्हणाले, "रिकामी जागा पन जागाच हाय. का पडली तेवढं सांग." उत्तर मिळालं की टिपून घेत आणि पुढच्या टेबलाकडे वळत. रागावत मात्र कधी नसत. चूक कोणाची यात त्यांना रस नव्हता. का बदललं, एवढंच हवं असे.

ही सवय सर्व्हरपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. कॅन्टीनवाल्यानं दुधाची पिशवी बदलली ते त्यांना पहिल्या घोटाला कळे. आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला ते आले होते, पुढे वर्षभरानं हळदीकुंकवाला काकूंना सोडायला आले, तर दारातूनच म्हणाले, "फ्रिज चार बोटं डावीकडं सरकलाय." माझ्या सासूबाईंना हे महिनाभर वाटत होतं आणि घरात त्यांचं कोणी ऐकत नव्हतं. त्या दिवसापासून काका म्हणजे सासूबाईंच्या मते पोचलेला माणूस. मॅनेजरसाहेबांनी एकदा केसांचा भांग डावीकडून उजवीकडे नेला, तर काकांनी भर मीटिंगमध्ये निरागसपणे विचारलं, "साहेब, भांग बदललात. काय खास कारन?" सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

माझा काकांवर जीव होता, पण रोज सकाळी त्यांच्या लाल पेनाला उत्तर द्यायचा मला कंटाळा आला होता. माझ्या कामात फाईली रोज बदलायच्या, म्हणून यादीत माझ्याच ओळी जास्त. शेजारचे हसायचे. मला वाटे, मी काय शाळेत आहे? मग भाचीच्या हळदीसाठी काका दोन दिवस रजेवर गेले आणि जाताना प्रोग्रॅमचा पासवर्ड माझ्या हातात ठेवून गेले. "तुझ्याशिवाय कोनाला देत नाय, बाय," म्हणाले. त्याच दुपारी मी माझा अख्खा फोल्डर 'इकडे बघू नकोस'च्या यादीत टाकला आणि आता आहे तेच बरोबर, असं त्या प्रोग्रॅमला सांगून टाकलं. दोन मिनिटांचं काम. काका परत आले, आठवडाभर माझ्या टेबलाशी थांबलेच नाहीत, आणि मग एका सकाळी मुद्दाम येऊन म्हणाले, "तुझ्या नावावर आठ दिवस काय बी नाय. शिस्त आली हो तुझ्या कामात!" मी थँक्यू म्हटलं.

त्याच फोल्डरमध्ये मी रिपोर्ट कुठे पाठवायचे ती ओळ एका चाचणीसाठी बदलली होती आणि पूर्ववत करायला विसरले होते. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत ती ओळ झोपून राहिली. एका सोमवारी सकाळी तो सुरू झाला आणि पेशंटचे रिपोर्ट भलत्याच जागी जाऊन पडू लागले. लॅबच्या कुठल्याच केंद्रावर काही पोचेना. फोन थांबेनात. त्यातला एक मी घेतला. उलव्याहून एक बाई बोलत होत्या. "मॅडम, वडिलांना ऑपरेशनला आत घेणार होते, रिपोर्ट नाही म्हणून थांबवलंय. सकाळपासून उपाशी आहेत हो ते." मी म्हटलं, बघते.

बघितलं काकांनी. यादीत काहीच सापडेना, तेव्हा एकेक फाईल उघडून, ओळीवर बोट ठेवून वाचत बसले आणि तीन वाजता त्यांना ती ओळ सापडली. उलव्याच्या आजोबांचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं, नीट झालं. मी फोन करून विचारलं होतं, नाव न सांगता.

संध्याकाळी मीटिंग झाली. साहेब म्हणाले, "हा बदल तुमच्या त्या प्रोग्रॅमला दिसला नाही?"

"नाय दिसला," काका म्हणाले.

"मग रोज सकाळी लाल पेन घेऊन फिरता कशाला? आमचे भांग बघायला?"

सगळे हसले. मीही हसले. आज इतक्या दिवसांनी सगळं सांगता येतं, पण ते हसणं सांगताना अजून कान गरम होतात. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, "माझी नजर चुकली." महिन्याभरात तो प्रोग्रॅम काढून टाकला आणि काकांना तुर्भ्याच्या गोदामात जुने प्रिंटर मोजायला पाठवलं. तिथून ते दर सोमवारी काहीतरी कागद घेऊन बेलापूरला येत आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसत. मी स्क्रीनवरून नजर काढत नसे. खूप काम आहे काका, म्हणत असे. असे ते निवृत्त होईपर्यंत येत राहिले.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या टाकल्या होत्या. ताट पुढे आलं तेव्हा मी म्हटलं, काका, तो फोल्डर मी लपवला होता.

"म्हाईत हाय," काका म्हणाले. "कुठला फोल्डर कोनी वगळला त्याची पन एक ओळ राहते त्या प्रोग्रॅमात. तुझं नाव व्हतं. मीटिंगच्या आधीच बघितलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हनून." त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "गोदामातनं येऊन बसायचो ना? तू काय वर बघायचीस नाय."

मी पदराने डोळे पुसले. काकू म्हणाल्या, "रडवलंत ना पोरीला?" आणि माझ्या भाकरीवर आणखी सुकट वाढली.  मी पूर्ण जेवेपर्यंत काका बसून राहिले, आणि मग मला सोडायला म्हणून चपला घालून निघाले.

गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एका सात मजली इमारतीकडे बोट केलं. "हितं आमचं भात व्हतं." पुढे आता मंगल कार्यालय आहे, तिथे पूर्वी मिठागराचा बांध होता. पेट्रोल पंपाच्या जागी खाडीचं पाणी यायचं आणि त्यांचे वडील गळ टाकून बसायचे. मी विचारलं, कुठपर्यंत यायचं पाणी? त्यांनी रस्ता ओलांडून नेमकी जागा दाखवली. मी आणखी विचारत गेले, ते सांगत गेले. आवाज पूर्वीसारखा मोठा नव्हता, त्यामुळे मला अगदी जवळून चालावं लागत होतं.

स्टेशन आलं तसे ते थांबले. मी म्हटलं, काका, पलीकडे काय होतं तेही दाखवा.