इच्छामरणावरचं माझं भाषण

माझी चूक अशी की मी माइकवर लोकांना हसवलं, आणि त्या हसण्यात माझ्या सख्ख्या बहिणीचा प्रश्न बुडून गेला.

पूर्णा गावात तेव्हा शेतांच्या जागी गोदामं उभी राहत होती. मी भिवंडीच्या शाळेत मराठी शिकवायचो, त्यामुळे गणपतीत भाषण म्हटलं की आळीतली पोरं मला धरून न्यायची. त्या वर्षी वादविवादाचा विषय होता, इच्छामरणाचा कायदा असावा का. पेपरात तेव्हा त्यावर काहीबाही येत असे. भारनियमनामुळे वीज गेलेली, मांडवामागे जनरेटर धडधडत होता आणि मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होतो.

मी कायद्याच्या बाजूनं बोललो. उदाहरण दिलं ताईच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या भावोजींचं. नाव घेतलं नाही, पण मांडवात कुणाला कळायचं राहिलं नाही. त्याच्या दोनेक वर्षं आधी त्यांचे कापडाचे लूम बंद पडले आणि ते मनानं पार खचले. "मला सोडवा आता," असं ते म्हणाले, तसं त्याच दिवशी आम्ही त्यांना गाडीत घालून ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. आळीतले पुरुष पाळीपाळीनं त्यांच्यापाशी बसायचे, पत्ते खेळायचे, त्यांना मुद्दाम जिंकू द्यायचे. ते बरे झाले. खरं तर हे उदाहरण माझ्याच मुद्द्याच्या उलट जात होतं, पण टाळ्यांच्या भरात ते ना लोकांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

मी म्हणालो, "असा विचारी पुरुष मरण मागतो, तेव्हा तो त्याचा निर्णय असतो. त्याचा मान ठेवा. बायकांचं सोडा हो. त्या तर भाजी करपली तरी मरण मागतात!"

मांडव खदखदून हसला. बायकासुद्धा हसल्या. चषक मला मिळाला.

घरी निघालो तर ताई वाटेत उभी. हातात प्रसादाचं ताट.

"तुझा तो कायदा आला, तर बायकांना पन लागू होईल ना रं?"

"तुला काय करायचाय?"

"अशीच विचारते."

मी अजून स्टेजवरच होतो. म्हणालो, "तुमच्यासाठी वेगळी कचेरी उघडावी लागेल, ताई. रोजचे एवढे अर्ज कोण तपासणार?"

ती हसली नाही. मी चषक काखेत मारून पुढे गेलो.

ताई म्हणजे मासळीवालीशी भांडण्यात गावात पहिली. बोंबलाचा वाटा उचलून "हे बोंबील हायेत का शेवग्याच्या शेंगा?" असं विचारायची, आणि मग अर्धा तास दोघींचं चालायचं. गणपती गेले आणि ताई मिळेल तो वाटा गुपचूप घेऊ लागली. मासळीवालीनंच मला शाळेच्या वाटेवर अडवलं. "मास्तर, तुमची बहीण भांडत न्हाय. धंद्यात मजा न्हाय राहिली."

भावोजी म्हणाले, "हिला ठाण्याला नेऊया. मी यातून गेलोय, मला कळतं."

आणि मी, शिकलेला माणूस, म्हणालो, "आधी दिघाशीच्या भगताला दाखवू. बायकांना बाहेरचं लागतं."

पुरुषाला डॉक्टर आणि बाईला भगत, हे आमच्याकडे इतकं ठरलेलं होतं की मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. स्कूटरवर मागे ताई, तिच्या मांडीवर पिशवीत कोंबडा. भगतानं तांदूळ पाहिले, उतारा काढला, कोंबडा ठेवून घेतला. परतीच्या वाटेवर ताईच्या मांडीवर नुसती पिशवी होती.

दोन दिवस गेले, फरक पडला नाही. मग भावोजींनी मला न विचारता गाडी आणली. मीही मागे चढून बसलो.

ठाण्याच्या त्या डॉक्टर एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी सरळच विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

"वाटतं," ताई म्हणाली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "याला विचारलं व्हतं मी."

"मग हे काय म्हणाले?"

मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. ताईनंच सगळं सांगितलं, अगदी कचेरीसकट.

डॉक्टर मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "परदेशात काही ठिकाणी असा कायदा आहे. तिथंही मनाच्या आजारापायी मरण मागणाऱ्यांत बायका जास्त, असं वाचलंय. मला प्रश्न पडतो, ते मागण्याआधी त्यांनी घरात कुणाकुणाला काय सांगितलं असेल?" मग ताईकडे वळून म्हणाल्या, "हा आजार आहे, आणि तो बरा होतो. तुमच्या नवऱ्याला विचारा."

बरं व्हायला वेळ लागला. गोळ्या सुरू झाल्या, ठाण्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. या खेपेला भावोजींनी आळीतल्या बायकांना तिच्यापाशी बसवलं. पत्ते आले. ताईला मुद्दाम जिंकू द्यावं लागलं नाही, ती सरळ लबाडी करायची. उन्हाळ्यात एके सकाळी बोंबलावरून असा आवाज चढला की अर्धी आळी ओट्यावर आली. मासळीवाली आनंदानं शिव्या देत होती.

भगताचा विषय निघाला की ताई मला विचारायची, "त्या कोंबड्याची इच्छा विचारली व्हतीस का रं?"

एकदा ती भाकऱ्या थापत असताना मी हळूच म्हणालो, "ताई, त्या भाषणात माझं चुकलं."

तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "हसवलंस माइकवर, न् माफी चुलीपाशी मागतोस?"

पुढच्या गणपतीत वादविवादाचा विषय मोबाइल होता आणि मी परीक्षक. निकाल सांगायला उठलो. ताई बायकांत पहिल्या रांगेत बसली होती.

मी म्हणालो, "निकालाआधी माझं एक राहिलंय. गेल्या वर्षी इथंच मी—"

"मोठ्यानं बोल!" ताई ओरडली. "जनरेटरच ऐकू येतोय!"

मांडव हसला. मी माइक तोंडाशी धरला आणि पुन्हा सुरुवात केली.

"गेल्या वर्षी मी इथं म्हणालो की बायका उगाच मरण मागतात. त्याच रात्री माझ्या ताईनं मला खरोखरच विचारलं, आणि मी तिची थट्टा केली. ती आजारी होती. भावोजी बोलले तेव्हा मी गाडी काढली. ती बोलली तेव्हा मी चषक घेऊन घरी गेलो. ताई, माझं चुकलं. मला माफ कर."